अंमल आणि उपजीविका : मादक द्रव्यांच्या जागतिक नियंत्रणाचा इतिहास आणि वर्ध्याचा प्रयोग

मराठीत 'अंमल' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. 'पेशव्यांचा अंमल', 'अंमलदार', 'अंमलबजावणी' ह्या प्रयोगांत तो सत्ता दर्शवितो. 'अंमल चढणे', 'अंमली पदार्थ' ह्या प्रयोगांत तो कैफ दर्शवितो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'कृती' किंवा 'कार्य' एवढाच आहे. मराठीत मात्र राज्यकर्त्याची हुकमत आणि मादक द्रव्याची हुकमत ह्या दोहोंसाठी हा एकच शब्द पुरला. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाविज्ञान असल्यामुळे इतिहासाच्या प्रश्नाकडे तो शब्दांच्या वाटेने आला, हे आरंभीच सांगणे उचित होय. शब्दार्थांच्या ह्या जोडीमागे एक ऐतिहासिक वस्तुस्थितीही आहे. गेल्या दोन शतकांत हिंदुस्थानात सत्तेचा अंमल आणि कैफाचा अंमल हे एकमेकांच्या आधाराने उभे होते. सत्तेची तिजोरी कैफाच्या उत्पन्नावर भरत होती. हा आधार काढून घ्यावयाचा तर त्या जागी काय ठेवावयाचे, असा प्रश्न विसाव्या शतकात जागतिक परिषदांपुढे आला, आणि तोच वर्धा जिल्ह्यातही उभा राहिला. दोन्ही ठिकाणी त्याला मिळालेल्या उत्तरांची तुलना करणे हा ह्या निबंधाचा हेतू आहे.

एक शंका प्रथमच दूर केली पाहिजे. आंतरराष्ट्रीय करारांच्या परिभाषेत मादक द्रव्ये म्हणजे अफू, कोका, गांजा व त्यांपासून होणारे पदार्थ. मद्याचा त्यांत समावेश होत नाही. वर्ध्याचा इतिहास मात्र प्रामुख्याने मद्याचा आहे. असे असता ह्या दोहोंचा एकत्र विचार का करावा? ह्याचे उत्तर हिंदुस्थानातील राज्यव्यवस्थेतच आहे. दारू, ताडी, अफू व गांजा ही सर्व येथे एकाच आबकारी खात्याच्या कक्षेत होती व परवान्याच्या दुकानांतून विकली जात होती. भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदातही मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक अशी मादक द्रव्ये एकाच वाक्यात आली असून, औषधी प्रयोजनाखेरीज त्यांच्या सेवनास बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तेथे सांगितले आहे. जीवनमान व पोषण उंचावणे हे राज्याचे कर्तव्यही त्याच अनुच्छेदात नमूद आहे, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

१. शब्दांचा पुरावा

ह्या व्यवहारातील मराठी शब्दसंपत्ती तपासली असता तिच्यात व्यसनाच्या वर्णनापेक्षा महसुलाचीच भाषा अधिक आढळते. 'आबकारी' हा फारसी शब्द. 'आब' म्हणजे पाणी आणि 'कार' म्हणजे काम. मद्य गाळण्याच्या धंद्यावरून तो त्यावरील कराला व पुढे संपूर्ण खात्याला लागला. 'मक्ता' अरबीतून, 'परवाना' फारसीतून, तर 'लिलाव' पोर्तुगीजांकडून आला. दुकानाचा मक्ता लिलावात घ्यावा, परवाना मिळवावा आणि वर्षभर विक्री करावी, हा सारा व्यवहार ह्या तीन परकीय शब्दांत मावतो. लिलावात मोठी बोली बोलणाऱ्यास ती रक्कम ग्राहकांकडून वसूल करावयाची असे. त्यामुळे विक्री वाढविणे हाच त्याचा धर्म बने.

द्रव्यांची नावेही अशीच बोलकी आहेत. 'दारू' ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ औषध असा आहे. 'दवादारू' ह्या जोडशब्दात तो अद्याप टिकून आहे. 'अफू' हा ग्रीक भाषेतील 'ओपिऑन' ह्या शब्दापासून अरबी 'अफ्यून'मार्फत आपल्याकडे आला; संस्कृत पंडितांनी त्यालाच 'अहिफेन', म्हणजे सापाचा फेस, असे रूप देऊन त्याची व्युत्पत्ती लावली. एकाने औषध म्हणावे आणि दुसऱ्याने सापाचा फेस म्हणावा, ह्यात ह्या द्रव्यांचा दुहेरी स्वभाव प्रकट होतो. औषध म्हणून ती हवीत आणि व्यसन म्हणून नकोत. नियंत्रणाचा सारा खटाटोप ह्या दोन अर्थांमधील रेषा आखण्यासाठीच चाललेला आहे.

२. शांघायपासून जिनिव्हापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कित्येक वर्षे हिंदुस्थान सरकारच्या उत्पन्नात जमीनमहसुलाच्या खालोखाल अफूचा क्रमांक लागत असे. गंगेच्या खोऱ्यातील अफू सरकारी मक्त्याची, तर माळव्यातील अफू संस्थानांतून येऊन मुंबई बंदरातून जाई. हिचे मोठे गिऱ्हाईक चीन होते. १९०७ साली इंग्लंड व चीन ह्यांच्यात जो समझोता झाला त्यान्वये १९०८ पासून दरवर्षी एक दशांश ह्या प्रमाणात ही निर्यात घटवावयाची होती. ती १९१३ मध्येच जवळजवळ थांबली. १९०९ च्या फेब्रुवारीत शांघाय येथे तेरा राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय अफू मंडळ भरले. त्यातूनच २३ जानेवारी १९१२ रोजी हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. महायुद्धानंतर हे कार्य राष्ट्रसंघाकडे आले आणि १९२४-२५ च्या हिवाळ्यात जिनिव्हा येथे परिषदा भरल्या. १९२५ च्या जिनिव्हा कराराने आयात-निर्यातीस प्रमाणपत्राची पद्धत लावली, कायम मध्यवर्ती अफू मंडळ निर्माण केले आणि गांजाचा प्रश्न प्रथमच कराराच्या कक्षेत आणला.

ह्या परिषदांत हिंदुस्थानच्या नावाने दोन आवाज उठले. सरकारचे प्रतिनिधी जॉन कॅम्पबेल ह्यांची भूमिका अशी होती की, येथील अफू खाण्याची रूढी अर्धऔषधी स्वरूपाची असून तो देशांतर्गत प्रश्न आहे. दुसरा आवाज सरकारबाहेरचा होता. १९२४ साली काँग्रेसने अफूविषयी ठराव केला, आणि सी. एफ. अँड्र्यूज ह्यांच्या साहाय्याने आसामातील अफूच्या व्यसनाची पाहणी झाली. कुलधर चलिहा ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिनिव्हा परिषदेकडे गेलेल्या विनंतिअर्जावर गांधीजी व रवींद्रनाथ ठाकूर ह्यांच्या सह्या होत्या. लोकमताच्या ह्या दडपणाचा काही परिणाम झाला असे म्हणावयास हरकत नाही. १९२६ साली सरकारने औषधेतर वापरासाठी होणारी अफूची निर्यात दरवर्षी घटवून १९३५ अखेर बंद करण्याचे धोरण जाहीर केले, आणि १९३० साली धोकादायक औषधिद्रव्यांविषयीचा कायदा झाला.

तथापि शांघाय, हेग व जिनिव्हा येथील चर्चेचा रोख पुरवठ्यावर होता. किती पिकावे, किती गाळावे, कोणत्या बंदरातून कोणत्या कागदाच्या आधारे जावे, ह्यांचा बारकाईने विचार झाला. पिकविणाऱ्या शेतकऱ्याने पुढे काय पिकवावे आणि ज्या तिजोरीत हा पैसा येतो तिने पुढे कोठून पैसा आणावा, हे प्रश्न करारांत जवळजवळ आलेच नाहीत. ते प्रश्न दहा-बारा वर्षांनी वर्ध्यास चर्चिले गेले.

३. आबकारी आणि शाळा

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. कापूस हे त्याचे मुख्य पीक; हिंगणघाटचा कापूस देशावरील बाजारांत नावाजलेला. १९२१ साली विनोबा भावे येथे आश्रमासाठी आले. जमनालाल बजाज ह्यांच्या पुढाकाराने हे गाव राष्ट्रीय चळवळीचे ठाणे बनले. १९३४ मध्ये गांधीजी येथे राहावयास आले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन त्याचे कार्य मगनवाडीत सुरू झाले, आणि १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावास, म्हणजे पुढील सेवाग्रामास, गेले.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर आबकारी व शिक्षण ही दोन्ही खाती प्रांतांच्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविली गेली होती. ह्या व्यवस्थेतील मेख सहसा लक्षात घेतली जात नाही. जमीनमहसूल मंत्र्यांच्या हाती नव्हता. शाळा काढावयाच्या तर त्यांना दारू-गांजाच्या उत्पन्नाकडे पाहणे भाग होते. ज्या मंत्र्याने मद्यपानाचा निषेध करावयाचा, त्याच्याच अंदाजपत्रकात मद्यपान घटले की शाळा घटत. १९३७ च्या जुलैपासून काँग्रेसची मंत्रिमंडळे अधिकारावर आली तेव्हा हा पेच उघड्यावर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वर्धा येथे भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने तीन वर्षांत संपूर्ण दारूबंदी करण्याविषयी मंत्रिमंडळांना सांगितले. ही बंदी झाली तर शिक्षणाचा खर्च कोठून भागवावा, असा प्रश्न लगेच विचारला गेला.

गांधीजींच्या शिक्षणविषयक मांडणीचा उगम पुष्कळ अंशी ह्या प्रश्नात आहे. १९३७ च्या जुलैअखेर 'हरिजन' पत्रात त्यांनी जो लेख लिहिला, त्यात शिक्षणाचा प्रश्न दारूच्या बुडणाऱ्या उत्पन्नाशी जोडला गेला आहे ह्याविषयी खेद आहे. मुलांच्या शिक्षणासाठी आईबापांच्या व्यसनावर अवलंबून राहावे ही गोष्ट त्यांना लाजिरवाणी वाटत होती. शाळेतील हस्तोद्योगातून शाळेचा निदान काही खर्च निघावा, ही कल्पना त्यांनी ह्याच संदर्भात पुढे ठेवली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन समितीने डिसेंबरात अहवाल दिला. १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. 'वर्धा योजना' किंवा 'नयी तालीम' ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ह्या उपक्रमाची चर्चा शिक्षणशास्त्राच्या अंगाने विपुल झाली आहे. त्याची आबकारी बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. प्रस्तुत लेखकाच्या मते ती बाजू वगळली तर स्वावलंबी शाळेच्या आग्रहाचा अर्थच नीट लागत नाही. चरखा शाळेत आला तो केवळ हाताला वळण लागावे म्हणून नव्हे. दारूच्या पैशाची जागा त्याने काही अंशी तरी भरून काढावी, अशीही अपेक्षा होती.

राज्यकारभाराच्या पातळीवर दुसरे उत्तर शोधले जात होते, ते करांचे. मद्रास इलाख्यात चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांनी १ ऑक्टोबर १९३७ पासून सेलम जिल्ह्यात दारूबंदी केली, आणि १९३९ मध्ये तेथे सर्वसाधारण विक्रीकर आला. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी पेट्रोल व वंगण ह्यांच्या विक्रीवर कर बसविणारा कायदाही झाला. असा कर लावण्याचा प्रांतास अधिकार आहे किंवा नाही, हा प्रश्न दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढे गेला. सर मॉरिस ग्वायर ह्यांच्या अध्यक्षतेखालील ह्या न्यायालयाने प्रांताच्या बाजूने मत दिले. विक्रीकर पुढे अनेक वर्षे भारतातील राज्यांच्या उत्पन्नाचा कणा ठरला, हे पाहता ह्या निर्णयाचे महत्त्व सहज ध्यानात येईल.

४. नीरा आणि गूळ

तिजोरीप्रमाणेच गावातील माणसाच्या उत्पन्नाचाही प्रश्न होता. ताडी काढणाऱ्याचे काय करावयाचे? मगनवाडीत ह्या प्रश्नाचे उत्तर रसायनाच्या अंगाने शोधले गेले. ताड किंवा शिंदी ह्यांचा ताजा रस, म्हणजे नीरा, हा गोड व निरुपद्रवी असतो. हवेतील जंतूंमुळे व उन्हाच्या तापाने तो आंबू लागतो आणि काही तासांत त्याची ताडी होते. मडक्यास आतून चुना फासावा, रस रात्री धरावा व सूर्योदयापूर्वी उतरवावा, म्हणजे आंबण्याची क्रिया लांबते. मग तो प्यावयास देता येतो किंवा आटवून त्याचा गूळ करता येतो. गजानन नाईक ह्यांनी ग्रामोद्योग संघाच्या वतीने ह्या कामास वाहून घेतले. शिंदीची झाडे पडीक जमिनीवर, नाल्याकाठी आपोआप वाढतात. त्यांच्यासाठी ओलिताची शेती अडवावी लागत नाही, हा त्यांतील मोठा लाभ होय.

ह्या प्रयोगाचे मर्म असे की, येथे झाड तेच, चढणारा माणूस तोच, त्याचे कसबही तेच. बदलली ती केवळ मडक्याची व वेळेची व्यवस्था. कारागिराचा धंदा काढून न घेता त्याच्या मालाचे रूप पालटणे, असे त्याचे वर्णन करता येईल. जे. सी. कुमारप्पा ह्यांनी ग्रामोद्योगांच्या अर्थशास्त्राची जी मांडणी केली, तिच्याशी हे पूर्णतः सुसंगत होते. त्यांच्या मते वस्तूची किंमत केवळ बाजारभावात नसून ती निर्माण होताना व वापरली जाताना माणसावर जो परिणाम घडतो त्यातही असते. दारूबंदीला गांधीजींच्या विधायक कार्यक्रमात जे स्थान मिळाले तेही ह्याच दृष्टीने पाहावे. १९४१ च्या त्यांच्या पुस्तिकेत जातीय ऐक्य व अस्पृश्यतानिवारण ह्यांच्यानंतर ती तिसरी येते, आणि लगेच पुढे खादी व इतर ग्रामोद्योग येतात. निषेधाला लागूनच उपजीविका ठेवलेली आहे.

५. अर्धा राहिलेला प्रयोग

ह्या प्रयोगाचे मूल्यमापन करताना भाविकतेला थारा देता कामा नये. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तीन वर्षांची मुदत पुरी होण्यापूर्वीच दारूबंदीचा कार्यक्रम खंडित झाला. शाळेच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघेल ही अपेक्षा व्यवहारात सहसा पुरी झाली नाही, आणि स्वातंत्र्यानंतर ती हळूहळू सोडून दिली गेली. नीरेला वेळेची व स्वच्छतेची फार काटेकोर शिस्त लागते. ती न पाळल्यास नीरेची ताडी होते. साखर कारखान्यांच्या मालापुढे ताडगुळाचा बाजारही मर्यादितच राहिला.

आणखी एक आक्षेप अधिक मूलगामी होता. संविधान सभेत १९४८ च्या नोव्हेंबरात हा अनुच्छेद चर्चेस आला तेव्हा जयपालसिंग ह्यांनी आदिवासींच्या वतीने त्यास विरोध केला. तांदळाची पेज आंबवून केलेले पेय हे आदिवासींच्या धर्मविधीचा व श्रमजीवनाचा भाग आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. विदर्भात मोहाच्या बाबतीत हाच प्रश्न येतो. मोह हे गोंडांचे दैवताजवळचे झाड. त्याचे फूल अन्न आहे, गुरांचा चारा आहे, विक्रीचा माल आहे आणि मद्याचा कच्चा मालही आहे. ह्या चार उपयोगांपैकी फक्त चौथ्यावर कायद्याची नजर पडते. ताडीला नीरा सापडली, तशी मोहाला तुल्यबळ पर्यायी वाट वर्ध्याच्या कार्यकर्त्यांनी तितक्या चिकाटीने शोधली नाही, हे मान्य करावे लागेल.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई दारूबंदी कायदा विदर्भास लागू झाला. पुढे महाराष्ट्रात बंदी सैल होत गेली. १९७४ पासून मात्र वर्धा हा जिल्हा, गांधी-विनोबांची कर्मभूमी म्हणून, दारूबंदीचा जिल्हा राहिला आहे. त्यानंतर १९९३ मध्ये गडचिरोली आणि २०१५ मध्ये चंद्रपूर ह्या जिल्ह्यांत बंदी आली. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. वर्ध्यात कायदा टिकला, तशी हातभट्टीही टिकली. मोहाचा सडवा नष्ट केल्याच्या, शेजारच्या जिल्ह्यांतून येणारे मद्य पकडल्याच्या बातम्या येथील वाचकांस नित्याच्या आहेत. हातभट्टी लावणारा कोण, हे पाहिले असता बहुधा भूमिहीन किंवा कोरडवाहू कुटुंबच समोर येते. २००६ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा होता, ही गोष्ट ह्या संदर्भात विसरता येत नाही. १९३७ च्या मांडणीत बंदी आणि पर्यायी उपजीविका ही एका नाण्याची दोन अंगे होती; १९७४ च्या बंदीत त्यांपैकी पहिले अंग तेवढे उरले.

६. जगाचा उलटा प्रवास

वर्ध्यात दुसरे अंग मागे पडत असता आंतरराष्ट्रीय विचार नेमका त्याच दिशेने येत होता. १९६१ च्या एकत्रित करारानेही भर पुरवठ्यावरच ठेवला. भारताने तो १९६४ मध्ये मान्य केला. अफू खाण्याची रूढी आणि गांजाचा औषधेतर वापर बंद करण्यास त्यात काही वर्षांची मुदत होती. भारतात गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ ह्यांविषयीचा कायदा १९८५ साली झाला. ह्या लांबलचक नावात 'अंमल' हा जुना शब्द कोठेच नाही, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.

परंतु केवळ मनाईने पीक हटत नाही, हा अनुभव जगाला लवकरच आला. तुर्कस्तानने अमेरिकेच्या आग्रहावरून खसखशीच्या लागवडीवर बंदी घातली. शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी अमेरिकेने पैसा देऊ केला होता; तरी शेतकऱ्यांचा असंतोष वाढला आणि १९७४ मध्ये तुर्कस्तानने बंदी उठविली. त्यानंतर बोंडांना चिरा देऊन अफू काढण्याऐवजी वाळलेली बोंडे सरकारनेच विकत घ्यावयाची पद्धत अवलंबिली गेली. पीक तेच राहिले. काढणीची रीत पालटली आणि चोरटा व्यापार आटोक्यात आला. नीरेच्या चुना फासलेल्या मडक्याचे येथे स्मरण होते. थायलंडच्या डोंगराळ भागात १९६९ पासून राजाश्रयाने फळे, भाजीपाला व कॉफी ह्यांची लागवड रुजविण्यात आली. तेथे रस्ता, बी-बियाणे व बाजारपेठ आधी आणि लागवडीचा नाश नंतर, असा क्रम बव्हंशी पाळला गेला.

१९८८ च्या व्हिएन्ना येथील कराराच्या चौदाव्या कलमात, बेकायदा लागवडीस किफायतशीर पर्याय देणाऱ्या एकात्मिक ग्रामविकासाचा उल्लेख आला. १९९८ साली संयुक्त राष्ट्रांच्या खास अधिवेशनात पर्यायी विकासासंबंधी कृति-आराखडा मान्य झाला आणि २०१३ मध्ये आमसभेने त्याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ह्या करारांमागे मगनवाडीची प्रेरणा होती असा दावा येथे करावयाचा नाही. साम्य आहे ते प्रश्नाच्या स्वरूपात. जो प्रश्न विचारावयास जगाला हेग करारापासून सुमारे पाऊणशे वर्षे लागली, तो वर्ध्याच्या एका बैठकीने व एका लेखाने १९३७ च्या पावसाळ्यातच विचारला होता.

ह्या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. मादक द्रव्याच्या आधाराने तीन जण जगतात : पिकविणारा किंवा गाळणारा, विकणारा, आणि कर घेणारा. कायदा पहिल्या दोघांवर चालतो; तिसरा स्वतः कायदा करणारा असतो. वर्ध्याच्या प्रयोगाचे वैशिष्ट्य हे की, त्याने तिसऱ्यापासून आरंभ केला. आधी राज्याने आपले उत्पन्न सोडावे, त्याची भरपाई प्रामाणिक मार्गाने करावी, आणि मग गावातील माणसास त्याच्याच कसबाला साजेसे दुसरे काम द्यावे, असा तो क्रम होता. आज महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतील मद्यविक्रीचे उत्पन्न राज्याच्या तिजोरीत जमा होते आणि त्याच तिजोरीतून वर्ध्याच्या शाळाही चालतात. १९३७ साली जी गोष्ट लाजिरवाणी वाटली होती ती अशा रीतीने जिल्ह्याच्या सीमेपलीकडे गेली, नाहीशी झाली नाही. वर्ध्याची बंदी ठेवावी की उठवावी, ह्या वादात हा मुद्दा सहसा येत नाही. तो येईल तेव्हा बंदीबरोबर नीरेचे मडके आणि मोहाचे फूल ह्यांचाही विचार करावा लागेल. कारण माणसाच्या पोटाची दुसरी सोय झाल्याखेरीज कैफाचा अंमल उठत नाही.